चौथी आवृत्ती खरंच वाईट होती का? दुकान बदलण्याआधी वाचायची एका खेळाची केस स्टडी

दुकानात मोठा बदल करायचं मनात असेल, तर मिस्त्रीला बोलवायच्या आधी हा लेख वाचा. काऊंटर काढून सेल्फ सर्व्हिस करायची असेल, वडिलांच्या काळची उधारीची वही बंद करून खाती मोबाईलवर न्यायची असतील, किंवा वीस वर्षं विकलेला माल बंद करून नवा भरायचा असेल, तरी हा लेख तुमच्यासाठीच आहे.

आजची गोष्ट मोंढ्यातली नाही, कापड लाईनमधली नाही, किराण्याची तर नाहीच. ती एका अमेरिकन खेळाची आहे. या खेळाच्या धंद्यात एक नंबरवर असलेल्या कंपनीने २००८ साली नवी आवृत्ती काढली. जुन्या आवृत्तीबद्दल गिऱ्हाईक वर्षानुवर्षं ज्या तक्रारी करत होतं, त्यातल्या बऱ्याचशा तिने दूर केल्या. सुरुवातीला पुस्तकं चांगली खपलीही. आणि तीन वर्षांत, दुकानदारांना विचारून काढल्या जाणाऱ्या विक्रीच्या क्रमवारीत दुसरीच एक छोटी कंपनी वर जाऊन बसली. ती विकत काय होती? पहिल्या कंपनीचाच जुना खेळ, झाडून-पुसून, थोडी डागडुजी करून.

माल सुधारला आणि गिऱ्हाईक गेलं. हे कसं झालं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ज्या आवृत्तीला लोकांनी तेव्हा नावं ठेवली, तिच्यातल्या कितीतरी कल्पना आज त्या खेळात आणि इतर खेळांत आनंदाने वापरल्या जातात. मग ती आवृत्ती वाईट होती, की ती ज्या पद्धतीने आणली ती पद्धत वाईट होती? या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. आपल्या धंद्यात आपण त्या नेहमी एकत्र करतो, आणि म्हणून बदल फसला की त्यातलं चांगलंही फेकून देतो.

आधी खेळ समजून घ्या

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुजारी, कुणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर पडका वाडा आहे, आतून उजेड दिसतोय, काय करता?" मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करेल ते सांगतो.

कोकणातला दशावतार तुम्ही पाहिला असेल तर चटकन लक्षात येईल. तिथे कथा ठरलेली असते, पण संवाद लिहून दिलेले नसतात, नट रंगमंचावर उभा राहून बोलतो. या खेळात तर कथेचा शेवटही ठरलेला नसतो. योद्ध्याचा वार लागला की हुकला हे फासा ठरवतो, आणि तो फासा वीस बाजूंचा असतो.

धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. हा खेळ एका बैठकीत संपत नाही. तेच चार मित्र, तीच पात्रं, महिनोन्महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालू असतात. कंपनी विकते ते नियमांचं पुस्तक. गिऱ्हाईक मात्र त्यात आपला वेळ, आपली पात्रं, आपली दोस्ती ओतत असतं. कंपनीच्या हिशोबात ते कुठेच दिसत नाही. आपल्या दुकानाचंही असंच असतं. बिलात फक्त साखर-तेल दिसतं.

हा खेळ आधी टीएसआर नावाच्या कंपनीचा होता. १९९७ मध्ये ती कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ मध्ये विझर्ड्सला हॅसब्रोने विकत घेतलं. आपल्याकडे घरोघर जो 'व्यापार' खेळतात त्याचा थोरला भाऊ मोनोपॉली, तो विकणारीही हीच हॅसब्रो. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली, २००३ मध्ये तिची सुधारलेली 'साडेतीन'. तिसऱ्या आवृत्तीबरोबर कंपनीने एक धाडसी काम केलं. ओपन गेम लायसन्स नावाचा परवाना काढला. मूळ नियम वापरून कुणीही आपली पुस्तकं छापावीत, विकावीत, कंपनीला एक रुपया देऊ नये. हिशोब साधा होता. बाहेरच्यांनी शंभर पुस्तकं काढली तरी ती वापरायला मूळ पुस्तक लागणारच, आणि ते आमच्याकडेच मिळतं.

हा परवाना लक्षात ठेवा. पुढे याच दारातून गिऱ्हाईक बाहेर गेलं.

तक्रारी खऱ्या होत्या, इलाजही खरा होता

तिसऱ्या आवृत्तीत दुखणी होती. सुरुवातीच्या टप्प्यावर जादूगाराकडे दिवसाला दोन-तीन मंत्र. ते संपले की बिचारा आडधनुष्य घेऊन मागे उभा. पुढच्या टप्प्यांवर बरोबर उलटं. जादूगार उडतो, क्षणात दुसऱ्या गावी जातो, आणि योद्धा मात्र पहिल्या दिवशी करत होता तेच करतो, तलवार मारतो. चार मित्र टेबलावर बसलेत आणि त्यातल्या एकालाच काम आहे, अशी गत.

दुसरं दुखणं पुजाऱ्याचं. जखमा भरायचं काम मुख्यतः त्याचं, त्यामुळे गटात कुणालातरी पुजारी व्हावंच लागायचं. मन नसलं तरी. तिसरं दुखणं सूत्रधाराचं. एक राक्षस तयार करायचा तर खेळाडूच्या पात्राइतकेच आकडे मांडत बसायचे. रविवारी तीन तास खेळायचं, तर शनिवारी तितकाच वेळ तयारी.

रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट हे चौथ्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार. त्यांनी या प्रत्येक तक्रारीला सरळ उत्तर दिलं. सगळ्या पात्रांना सारख्या पद्धतीने ताकदी दिल्या. काही कितीही वेळा वापरायच्या, काही प्रत्येक लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. त्यामुळे जादूगार कधीच रिकाम्या हाताने उभा राहत नाही आणि योद्ध्याकडेही दरवेळी निवडायला काहीतरी असतं. प्रत्येक पात्राला स्वतःची जखम भरून काढायचा ठरावीक कोटा दिला, म्हणजे पुजाऱ्यावरचा भार कमी. गटातली कामं स्पष्ट केली. एक जण मार अंगावर घेणारा, एक जोरात मारणारा, एक साथीदारांना सावरणारा, एक मैदान ताब्यात ठेवणारा. राक्षसांची माहिती छोट्या चौकटीत आली, वाचा आणि खेळवा. एका फटक्यात मरणारे किरकोळ शत्रू आले, म्हणजे नायकांना एकदम दहा-बारा जणांवर तुटून पडता येतं. नवख्या सूत्रधाराला तर हे वरदान होतं.

बीबीएला होतो तेव्हा होस्टेलवर एका मित्राकडे ही पुस्तकं होती. मी त्यातला खेळाडू नाही, पण ती चाळताना एक जाणवलं होतं. मांडणी एखाद्या चांगल्या कंपनीच्या कामाच्या मॅन्युअलसारखी होती. कोण काय करणार, कधी करणार, सगळं स्वच्छ. हे तिचं बळ होतं आणि यातच पुढच्या भांडणाचं बीजही होतं.

मग गिऱ्हाईक फुटलं का?

याचं एक उत्तर खेळाच्या आत आहे. ते आधी बघू, कारण कंपनीची बाजू घ्यायची म्हणून खरे दोष झाकायचे नाहीत.

सगळ्यांच्या ताकदी एकाच साच्यात बसवल्यामुळे योद्धा आणि जादूगार वाचताना सारखेच वाटू लागले. जादूची गूढता गेली, असं जुने खेळाडू म्हणाले. लढाया लांबल्या, एकेक लढाई तास-दीड तास चाले. सुरुवातीच्या राक्षसांचे आकडे असे होते की ते मरता मरत नसत. २०१० मध्ये राक्षसांचं तिसरं पुस्तक आलं तेव्हा ते गणित नीट बसलं, तोवर दोन वर्षं गेली होती. अंतरं चौकटींमध्ये मोजायची असल्यामुळे आखलेला नकाशा आणि सोंगट्या जवळजवळ लागायच्याच. हा तर कॉम्प्युटर गेम झाला, असं लोक म्हणू लागले. शिवाय पहिल्या पुस्तकात काही लाडकी पात्रं नव्हतीच. शाहीर म्हणजे बार्ड, ड्रूइड आणि बार्बेरियन २००९ च्या दुसऱ्या पुस्तकात आले, मंक २०१० च्या तिसऱ्यात. दहा वर्षं बार्ड खेळणाऱ्याला तुम्ही सांगताय, वर्षभर थांबा.

पण हे दोष दुरुस्त होण्यासारखे होते, आणि बरेचसे झालेही. गिऱ्हाईक तुटलं ते दुसऱ्या कारणाने. नवा माल आणताना कंपनीने जुनी दारं एकामागून एक बंद केली.

पहिलं दार मासिकांचं. ड्रॅगन हे मासिक १९७६ पासून निघत होतं, त्याच्या जोडीला डंजन. २००२ पासून ही दोन्ही मासिकं पायझो नावाची छोटी कंपनी परवान्यावर चालवत होती. विझर्ड्सने २००७ मध्ये तो परवाना पुढे वाढवला नाही. छापील अंक बंद झाले, सगळं ऑनलाईन वर्गणीवर नेलं. आता विचार करा. पायझोकडे वाचकांचा विश्वास होता, चांगले लेखक होते, आणि हातातलं काम अचानक गेलेलं. असा माणूस गप्प बसेल का?

दुसरं दार परवान्याचं. चौथ्या आवृत्तीला जुना मोकळा परवाना लागू केला नाही. नवा आणला, आणि तो उशिरा आणला. त्यातल्या अटी कडक होत्या. एखादी पुस्तकमाला नव्या परवान्यात नेली की ती जुन्यात चालू ठेवता येणार नाही, अशा स्वरूपाचं बंधनही होतं. २००९ मध्ये अटी सैल केल्या, पण तोवर बाहेरचे प्रकाशक बिचकले होते. पायझोने तर मार्च २००८ मध्येच, म्हणजे चौथी आवृत्ती दुकानात यायच्या आधीच, जाहीर करून टाकलं की आम्ही जुन्या नियमांवर स्वतःचा खेळ काढतोय. त्याचं नाव पाथफाइंडर. जुना परवाना मागे घेतलेला नव्हता, त्यामुळे कायद्याने कुणी अडवू शकत नव्हतं.

तिसरं दार आठवणींचं. फरगॉटन रेल्म्स नावाचं एक काल्पनिक जग या खेळात खूप लोकप्रिय होतं. नव्या आवृत्तीत त्या जगाची कथा साधारण शंभर वर्षं पुढे नेली, मध्ये एक मोठा उत्पात घातला. गाव तेच, पण ओळखीची माणसं गेलेली. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं खेळ मांडला होता, त्यांना आपल्याच वाड्यात परकं वाटलं.

चौथं दार जुन्या मालाचं. एप्रिल २००९ मध्ये चोरट्या प्रतींचं कारण देऊन कंपनीने आपल्या पुस्तकांच्या सगळ्या पीडीएफ विकणं थांबवलं, जुन्या आवृत्त्यांच्यासुद्धा. त्या अधिकृतपणे परत आल्या २०१३ मध्ये. मधली चार वर्षं जुना माल पैसे देऊन घ्यायची ज्याची तयारी होती, त्यालाही कंपनीच्या दारातून परत जावं लागलं.

यात भर म्हणून बोलण्याचा सूर. नव्या आवृत्तीची जाहिरात करताना जुन्या नियमांची थट्टा केली गेली. ते नियम किचकट होते हे खरंच. पण ते नियम शिकायला ज्याने दहा वर्षं घातली, त्याच्या तोंडावर हसलात तर तो कसा थांबेल?

पाथफाइंडरने बरोबर उलटं केलं. नियमांचा कच्चा मसुदा फुकट वाटला, वर्षभर लोकांकडून खेळवून घेतला, त्यांच्या सूचना घेतल्या आणि ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक काढलं. तुमची जुनी पुस्तकं कपाटात राहू द्या, ती चालतील, हा त्यांचा निरोप होता. २०११ मध्ये आयसीव्ही-टू या व्यापारी प्रकाशनाच्या क्रमवारीत पाथफाइंडर वर गेला. इथे एक बारकावा सांगतो. ही क्रमवारी दुकानं आणि वितरकांना विचारून काढतात. विझर्ड्सची ऑनलाईन वर्गणी त्यात धरली जात नव्हती. म्हणजे चौथी आवृत्ती लोक समजतात तितकी कोसळली नव्हती. पण दुकानातलं गिऱ्हाईक फुटलं हे नक्की.

कोका-कोलाने १९८५ मध्ये नवी चव आणली आणि अडीच-तीन महिन्यांत जुनी परत आणली, ही केस तुम्ही माझ्या व्हिडिओत ऐकली असेल. तिथे जुना माल परत आणणारी कंपनी तीच होती. इथे जुना माल शेजारच्या दुकानात मिळू लागला. फरक फार मोठा आहे.

आपल्याकडची चौथी आवृत्ती: हायब्रीड

हे सगळं अमेरिकेतलं वाटत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना 'हायब्रीड' या शब्दाबद्दल विचारा. सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण १९६४ मध्ये आलं. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांनी संकरित वाणांचा जोरात प्रसार केला. आज आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

हायब्रीडने जे मोजायचं ठरवलं होतं ते दिलं. लवकर आलं आणि उतारा भरपूर दिला. पण ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. दाणा पावसात सापडला की काळा पडायचा. भाकरीला गावरानाची चव नाही. बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं. एकरी किती पोती झाली हे कागदावर आलं, पण बैल काय खाणार आणि भाकर कशी लागणार हे त्या कागदावर नव्हतं. शेतकरी मात्र ज्वारी याही गोष्टींसाठी पेरत होता. मग हायब्रीड ही शिवी झाली. आजही नव्या पिढीला 'हायब्रीड' म्हणतात ते कौतुकाने नाही.

पण त्या वाणाला नुसतंच वाईट म्हणून चालेल का? धान्याचा तुटवडा होता, त्या काळात त्याने कोठ्या भरल्या. आणि ज्वारीचं वाण निवडताना दाणा, भाकरी आणि कडबा या तिन्ही गोष्टी एकत्र बघायला हव्यात, हा धडा त्यातूनच मिळाला. परभणी मोतीसारख्या रब्बी वाणाचं आज कौतुक होतं ते नुसत्या उताऱ्यासाठी नाही, टपोऱ्या, चमकदार दाण्यासाठीही.

चौथ्या आवृत्तीचं अगदी असंच आहे. तिने समतोल मोजला, तयारीचा वेळ मोजला. जुन्या पुस्तकांशी असलेलं नातं आणि ओळखीचं जग यांचा रकानाच तिच्या हिशोबात नव्हता.

आता फेरतपासणी

जानेवारी २०१२ मध्ये विझर्ड्सने पुढच्या आवृत्तीची घोषणा केली. या वेळी पद्धत बदलली. मे २०१२ पासून कच्चे नियम लोकांच्या हाती दिले, दोन वर्षं खेळवून घेतले. पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांनी त्यात भाग घेतला. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ती प्रचंड चालली.

आता गंमत बघा. पाचव्या आवृत्तीत जादूगाराकडे कितीही वेळा वापरता येणारे, खरोखर कामाचे छोटे मंत्र आहेत. प्रत्येकाला विश्रांती घेऊन स्वतःची जखम भरता येते. योद्ध्याला लढाईत दम घेऊन सावरण्याची सोय आहे. छोटी विश्रांती, मोठी विश्रांती अशी विभागणी आहे. हे सगळं कुठून आलं? चौथीतूनच. फक्त नावं आणि मांडणी अशी ठेवली की जुन्या माणसाला ते ओळखीचं वाटावं. शत्रूची ताकद निम्म्यावर आली की तो 'रक्तबंबाळ' झाला असं धरायचं, ही चौथीतली कल्पना तर २०२४ च्या सुधारलेल्या पुस्तकात नावासकट परत आली.

बाहेरही तेच. रॉब हाइन्सू यांनी जोनाथन ट्वीट यांच्याबरोबर २०१३ मध्ये थर्टीन्थ एज काढला, त्यात चौथीचे कितीतरी धागे आहेत. २०१९ च्या लान्सर या खेळाची लढाई बघितली तर चौथीचं ऋण स्पष्ट दिसतं. आता नव्याने चौथी खेळायला घेणारे लोक म्हणतात, डावपेचांचा खेळ म्हणून ही फारच चांगली होती. त्यांच्यावर दहा वर्षांच्या जुन्या पुस्तकांचं ओझं नव्हतं, म्हणून त्यांना ते मोकळेपणाने दिसलं.

माझं मत विचाराल तर सांगतो. चौथी आवृत्ती चांगला, पण एकांगी माल होता. दुसऱ्या नावाने, जुन्याच्या शेजारी ठेवून विकली असती तर तिला तिचं गिऱ्हाईक मिळालं असतं. जुन्याच्या जागी, जुन्याचंच नाव लावून, जुनी दारं बंद करून आणली, म्हणून ती भांडणाचं कारण झाली.

आणि शिकलेला धडा पक्का राहतोच असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच कंपनीने तो जुना मोकळा परवाना बदलायचा घाट घातला. मसुदा बाहेर फुटला, खेळाडू आणि प्रकाशक खवळले, आणि त्याच महिन्याच्या शेवटी कंपनीला मागे यावं लागलं. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे मोकळे करावे लागले. पंधरा वर्षांनी, त्याच दाराशी, तीच गर्दी.

तुमच्या दुकानात याचं काय करायचं?

समजा तुमचं किराणा दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात. सकाळी तुमच्याकडे पिशवी टेकवतात, "शेठ, जरा राहू द्या" म्हणतात, बाजार करतात, बियाण्याच्या दुकानात जातात, दवाखाना उरकतात आणि संध्याकाळी परत येऊन महिन्याचं सामान भरून बस पकडतात. तुम्ही सेल्फ सर्व्हिस केली. एसी, ट्रॉली, बारकोड, सगळं झकास. पण काऊंटर गेला, बाकडं गेलं, पिशवी ठेवायची जागा गेली. दारात उलट पाटी लागली, 'बॅग आत आणू नये'. सहा महिन्यांनी ते गिऱ्हाईक समोरच्या साध्या दुकानात दिसेल. तुम्ही म्हणाल, लोकांना सुधारणा नकोच. तसं नाही. त्यांना ट्रॉलीचा त्रास नव्हता, पिशवीची सोय हवी होती. बिलात पिशवी कुठे दिसते?

म्हणून बदलाआधी चार कामं करा. वही घेऊन करा, मनातल्या मनात नको.

१. तक्रारींची यादी तुमच्याकडे असतेच. तिच्या शेजारी दुसरी यादी करा: गिऱ्हाईक कधीच बोलत नाही, पण ज्यासाठी येतं, अशा गोष्टी. ही यादी काऊंटरवर बसून होत नाही. पंधरा दिवस नुसतं बघा. कोण थांबतं, कुठे बसतं, काय ठेवून जातं, कुणाशी बोलतं. चौथी आवृत्ती पहिल्या यादीवर पास झाली आणि दुसरीवर नापास.

२. एका वेळी एकच दार बदला. काऊंटर, उधारीची पद्धत, दुकानाचं नाव आणि मालाचे ब्रँड हे सगळं एका दिवाळीत बदलू नका. एकत्र बदललं आणि गिऱ्हाईक कमी झालं, तर कशामुळे गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. खाती मोबाईलवर नेताय? न्या. पण एक वर्ष वहीही चालू ठेवा, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या पानावरचा आकडा बोटाने दाखवा.

३. जुन्याची थट्टा करू नका. 'आता अडगळीतून सुटका' असा फ्लेक्स लावलात, तर त्या अडगळीत वीस वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला तुम्ही काय म्हणालात? आणि तुमच्या वडिलांना काय म्हणालात? दुकान मुलाच्या हाती येतं तेव्हा घरातली अर्धी भांडणं बदलावरून नसतात, या सुरावरून असतात.

४. ज्याचं काम काढून घेताय त्याचा विचार करा. पंधरा वर्षं काऊंटर सांभाळलेला नोकर प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. नव्या रचनेत त्याला जागा नसेल तर तो समोर दुकान टाकेल किंवा समोरच्याकडे जाईल, आणि गिऱ्हाईक त्याच्या मागे जाईल. पायझोची गोष्ट हीच आहे. त्याला आधी बोलवा, नव्या दुकानात त्याचं काम काय ते सांगा, मग मिस्त्रीला बोलवा.

आणि ज्यांचा बदल आधीच फसलाय, त्यांच्यासाठी पाचवं काम. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत सगळं पूर्ववत करू नका. एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे: नव्या पद्धतीतलं काय खरंच बरं चाललं? बिल लवकर होतं, चोरी कमी झाली, एक्सपायरी लक्षात राहते. उजवीकडे: आणताना आपण कुणाचं काय बंद केलं? डावीकडचं ठेवा, उजवीकडचं उघडा. बाकडं परत टाका, पिशव्यांसाठी दारापाशी एक रॅक करा, त्याला नंबर लावा. ट्रॉली आणि पिशवी एकाच दुकानात राहू शकतात.

या आठवड्यात एवढंच करा. शटर ओढल्यावर घरी जायची घाई न करता वडिलांना, किंवा दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, "आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कोण, आणि ते अजून आपल्याकडेच का येतं?" उत्तर मध्ये न तोडता ऐका आणि वहीत लिहून घ्या. पुढच्या व्हिडिओत सेल्फ सर्व्हिसचा खर्च मांडणार आहे. तो बघायला बसाल तेव्हा ही वही जवळ ठेवा.